निंगप्पाची टोपी

माझ्या ट्रंकेत खादीची एक पांढरी टोपी आहे. ती माझीच. पण निम्म्या सोलापूरला ती निंगप्पाची वाटते, आणि हा दोष सर्वस्वी माझा.

मी शिवलिंगप्पा. बाळीवेशीत दोन खोल्यांत राहतो. एका हायस्कुलात एकोणतीस वर्षं इतिहास शिकवला, शहात्तर साली निवृत्त झालो. मूलबाळ नाही. बायको, गिरिजा, त्याच्या चार वर्षं आधी गेली. तेव्हापासून घरात बोलणारा मी आणि ऐकणाराही मीच. असा श्रोता फार छळतो. त्याला काहीच खोटं सांगता येत नाही.

तर टोपी. सन तीसच्या मे महिन्यात गावात मार्शल लॉ होता. गांधी टोपी दिसली की शिपाई माणसाला अडवत, ती काढायला लावत, आणि जो काढणार नाही त्याला बडवत. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. आईनं एरंडेल आणायला पाठवलं होतं आणि डोक्यावर वडिलांनी हौसेनं घेतलेली टोपी होती. वळणावर एक गोरा शिपाई दिसला. तो माझ्याकडं बघतसुद्धा नव्हता. मी आपण होऊन टोपी काढली, तिला चार घड्या घातल्या आणि सदऱ्याच्या आत पोटाशी खुपसली. मग एरंडेल घेऊन घरी आलो. एवढीच हकीगत. मला कुणी मारलं नाही, हटकलंही नाही. हटकलं असतं तर निदान सांगायला काही उरलं असतं.

शाळेत लागलो त्या वर्षी बारा जानेवारीला, त्या मार्शल लॉपायी फाशी गेलेल्या चौघांच्या हुतात्मा दिनी, मला भाषण करायला सांगितलं. पोरं जांभया देत होती. तारखा सांगितल्या, जांभया वाढल्या. मी म्हणालो, "तुमच्याच वयाचा एक मुलगा होता." पोरांनी माना वर केल्या. मी म्हणालो, "शिपायानं सांगितलं, टोपी काढ. आणि तो मुलगा म्हणाला, नाही काढत." त्यानंतर सगळा वर्ग असा ताठ बसला की मला मागं फिरता येईना. एका पोरानं नाव विचारलं. खिडकीतून आमच्या गल्लीतला दूधवाला जाताना दिसला, त्याचं नाव ठोकून दिलं. असा जन्मला निंगप्पा.

पुढच्या वर्षी मी टोपी घेऊन गेलो. ती हातोहात फिरली. मग दर वर्षीचा तो रिवाजच झाला. गोष्ट वाढत गेली. निंगप्पाच्या कपाळाला खोक पडली, दोन शिपायांनी त्याला धरलं, तरी त्यानं टोपीवरचा हात सोडला नाही. ती टोपी माझ्याकडं कशी आली, हे मी कधीच सांगितलं नाही, मान खाली घालून नुसता हसायचो. त्यावरून पोरांनी आपापसांत ठरवून टाकलं की निंगप्पा म्हणजे सरच, थोर माणूस आहे, स्वतःचं नाव घेत नाही. ही कुजबुज माझ्या कानावर आली होती. मी ती खोडली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. खरं सांगायचं तर मला ते फार आवडत होतं.

शालन ही गिरणीकामगार कोंडीबाची पोर. घराणं मूळचं करमाळ्याकडचं, गिरणीमागच्या चाळीत राहणारं. नववीत असताना टोपी तिच्या हातात गेली. बाकीची पोरं टोपीला नमस्कार करून पुढं देत, हिनं ती उलटीपालटी करून पाहिली.

"सर, त्यानं टोपी डोक्यावरनं काढलीच न्हाय ना?"

"नाही काढली."

"मग चार घड्या कशा पडल्यात?"

"ट्रंकेत ठेवून पडल्या," मी म्हणालो. तिनं मान हलवली. मला वाटलं, पोरगी चौकस आहे, पुढं जाईल.

स्टाफरूममध्ये मी एक विनोद नेहमी करायचो. भिंतीवरच्या तसबिरींकडं बोट दाखवून म्हणायचो, "ही सगळी मंडळी आज दहावीत असती, तर हेडमास्तरांनी एकेकाचा दाखला हातात दिला असता. बंडखोर मेला की थोर होतो, जिवंत असतो तोवर उनाड." सगळे हसायचे. हेडमास्तर निंबर्गीकरही हसायचे. इतिहासाच्या मास्तरानं असं काहीबाही बोलायचं असतं, हे त्यांना मान्य होतं.

पंच्याहत्तर सालच्या जूनमध्ये आणीबाणी आली. शालनच्या बापानं गिरणीच्या दारात भाषण केलं होतं, त्याला उचलून तुरुंगात टाकलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर निंबर्गीकरांच्या डोक्यात आलं, की शाळा तपासायला साहेब येणार आहेत तर प्रत्येक मुलाच्या छातीवर पुठ्ठ्याचा बिल्ला असावा. बिल्ल्यावर लिहायचं, 'बोलणं कमी, काम जास्त'. चित्रकलेच्या तासाला बिल्ले झाले, टाचण्या वाटल्या गेल्या. सगळ्यांनी लावले. मीही लावला. शालननं तो बाकावर पालथा घालून ठेवला.

वर्गशिक्षकांनी विचारलं तर म्हणाली, "निंगप्पानं टोपी काढली न्हाय. मी बिल्ला लावनार न्हाय."

तिला ऑफिसात बोलावलं, मागोमाग मलाही. निंबर्गीकरांच्या टेबलावर दहावीच्या परीक्षेचे फॉर्म होते, सह्या व्हायच्या होत्या. तिचा सगळ्यात वर काढून ठेवलेला. सही नाही झाली तर पोरीची परीक्षा बुडणार होती आणि बाप आत असताना तिला पुन्हा कुणी शाळेत घातलं नसतं. हे त्या खोलीत आम्हा तिघांनाही कळत होतं.

"मास्तर, ही तुमच्या निंगप्पाचं नाव घेतीय," हेडमास्तर म्हणाले. "तुमचं काय म्हणणं?"

शालन माझ्याकडं बघत होती. घाबरलेली नव्हती. उलट जरा निश्चिंत झाली होती, आपलं माणूस आल्यावर व्हावं तशी. ते बघणं मला अजून विसरता येत नाही.

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की गोष्ट माझी, चूक माझी, पोरीच्या फॉर्मवर सही करा. निवृत्तीला सात महिने उरले होते. बाहेर व्हरांड्यात पंख्याखाली तपासणीला आलेले साहेब बसले होते, त्यांनी आत नुसतं डोकावून पाहिलं. मला त्यांनी काही विचारलंही नाही.

"त्याची गोष्ट वेगळी," मी म्हणालो. "ते परकं सरकार होतं. हे आपलं आहे. थोरांचं अनुकरण करायचं ते त्यांच्या अभ्यासाचं, शिस्तीचं. बिल्ला लाव, शालन. हट्ट बरा नव्हे."

वाक्यं कशी भराभर आली. एकोणतीस वर्षं फळ्यापुढं उभं राहिल्यावर माणसाला बोलायला शब्द कमी पडत नाहीत.

ती थोडा वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिली, नववीत टोपीकडं बघत होती तसं. मग खाली बघायला लागली. मला तास होता म्हणून मी निघालो. तास वगैरे काही नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. पटावर तिच्या नावापुढं लाल रेघ आली. त्या जानेवारीत सभा, भाषणं सगळंच बंद होतं, त्यामुळं निंगप्पालाही सुट्टी मिळाली. जूनमध्ये मला निरोपाचा नारळ दिला. घरी येऊन मी तो गिरिजेच्या फोटोपुढं ठेवला आणि दिवसभर कुणाशी बोललो नाही, कारण बोलायला कुणी नव्हतंच.

निवृत्त मास्तराचा दिवस फार लांब असतो. सकाळी सिद्धेश्वराच्या तळ्याला फेरी मारायची. जुने विद्यार्थी भेटतात, वाकून नमस्कार करतात, "सर, ती टोपी आहे ना अजून?" म्हणून विचारतात. मी आहे म्हणतो. ते निघून जातात. मग घरी यायचं, भात टाकायचा. शालनच्या चाळीवरून जायचा रस्ता जवळचा होता, तरी मी लांबचा धरायचो.

आणीबाणी उठली, निवडणुका झाल्या. अठ्ठ्याहत्तरच्या बारा जानेवारीला शाळेनं मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. 'टोपी आणावी' असं पत्रात मुद्दाम लिहिलं होतं. ज्या निंबर्गीकरांनी बिल्ले वाटले, तेच व्यासपीठावरून दुसऱ्या स्वातंत्र्यावर बोलत होते. मग मी उठलो. रात्रभर ठरवलं होतं, आज मूठ उघडायची.

"मुलांनो," मी म्हणालो, "निंगप्पा नावाचा कुणी नव्हता. ही टोपी माझी. मला कुणी काढ म्हणालं नव्हतं, मीच भिऊन काढली आणि सदऱ्यात लपवली. एकोणतीस वर्षं तुमच्या शाळेत खोटं सांगितलं. आणि या शाळेतल्या एका मुलीनं ते खरं धरलं, तेव्हा मी तिच्या मागं उभा राहिलो नाही."

मी टोपी टेबलावर ठेवली. आणि मग टाळ्या सुरू झाल्या. थांबेचनात.

निंबर्गीकर आभार मानायला उठले. "आज आपण विनय म्हणजे काय ते पाहिलं," ते म्हणाले. "स्वतःचा पराक्रमसुद्धा नाकारणारी अशी माणसं आता कुठं मिळणार?" मी त्यांची बाही ओढली, "अहो, खरंच सांगतोय" म्हणालो. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून वर केला. पुन्हा टाळ्या. मग मला शाल पांघरली. पोरं रांगेनं टोपीच्या पाया पडून गेली.

मला रडू आलं. त्यांना ते आनंदाश्रू वाटले.

तिथून मी तडक गिरणीमागच्या चाळीत गेलो, शालीसकट. शालनची आई, गोजरबाई, दारात तांदूळ निवडत होती. मला बघून तिनं पदर सावरला, पाट दिला.

"शालन कुठं आहे?"

"कुर्डुवाडीला दिली की. जावई रेल्वेच्या कारखान्यात हायती. ह्या साली भाईरनं दहावीला बसनार म्हनती."

मला जरा बरं वाटलं. मी म्हणालो, "बाई, तिला एक निरोप सांगा. सांगा, टोपी सरांनीच काढली होती."

गोजरबाईचे हात थांबले नाहीत. "तिला ठावं हाय की, मास्तर. त्याच दिशी घरी आली, दप्तर टाकलं आन म्हनली, आई, त्या टोपीच्या घड्या सरांनीच घातल्याल्या हायत."

मी विचारलं, "मग बोलली का नाही तिथं?"

"हेडमास्तर तेच तर म्हनत हुते. तुमी गेल्यावर कागद फुडं केला. शिवलिंगप्पा मास्तरांनी चिथावलं, असं लिहून दे, लगी सही करतो, म्हनले. न्हाय लिहिलं हिनं. लई बोलले मी तिला. तुझा बाप आत, तुला कुनाची पडलीय गं, म्हनलं."

"मग?"

"म्हनली, आई, त्यांच्या घरात कुनी न्हाय. तेवढी टोपीच हाय."

तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "बसा, च्या टाकते," म्हणाली आणि आत गेली. मी शाल काढून तिची घडी घातली आणि मांडीवर घेऊन बसलो. चहा आला, तो प्यालो. निघताना शाल तिथंच ठेवायला लागलो तर बाईनं हात जोडून परत दिली. "आमाला कशाला? तुमाला दिलीय, तुमी पांगरा. आन तुमीच जावा की कुर्डुवाडीला. लई खूश हुईल ती."

"जातो," मी म्हणालो.

कुर्डुवाडी काही लांब नाही. गाडीनं दोन तास. स्टेशनवर जाऊन मी वेळासुद्धा विचारून आलोय, दोनदा. अजून गेलेलो नाही.