तिरकं भोक

गल्लीत त्यांना सगळे मिलिमीटरकाका म्हणत. पाणीखात्यात नकाशे काढण्यात उभा जन्म गेलेला हा माणूस चहातली साखरसुद्धा चमचा सपाट करून घालायचा. हल्ली मात्र गाडं अडायला लागलं होतं. परवा तर काकांनी सख्ख्या बहिणीला फोन लावला आणि "आपण कोण?" असं तिलाच विचारलं.

गेल्या वर्षी घरामागच्या तळ्याचं पाणी मातीच्या बांधावरून वाहिलं आणि बांधाचा एक कोपरा खचला. म्हणून यंदा काकांनी बांधातून आरपार जाणारा वाकडा पाइप योजला. तळं जास्त भरलं की पाणी पाइपच्या वळणावर चढणार, पाइप गच्च भरणार आणि मागचं पाणी आपोआप ओढलं जाणार.

"हे चुकलं ना, तर पेन्सिल कायमची खाली ठेवीन," ते बायकोला म्हणाले. "मग बसेन आपला खिडकीत."

म्हणाले थट्टेत, पण काकूंना ती थट्टा वाटली नाही. नुसता खिडकीत बसलेला हा माणूस त्यांना बघवला नसता.

त्यांनी नकाशा पाहिला. चाळीस वर्षं जेवताना भाजीबरोबर पाइपही ऐकून घेतले होते त्यांनी. पाणी ठरल्या खुणेपर्यंत उतरलं की हवा आत शिरायला तिथे एक भोक लागतं. हवा शिरली की ओढ तुटते. भोक नसेल तर चिखल दिसेपर्यंत पाणी जात राहतं आणि मासे तडफडून मरतात. हे काकांनीच त्यांना निदान शंभर वेळा सांगितलं होतं. आणि नकाशात भोकच नव्हतं.

सांगायचं कोणत्या तोंडाने? दुपारी काका झोपल्यावर त्या अंगणात गेल्या. तिथे ठेवलेल्या पाइपवर, पाणी जिथे थांबायला हवं तिथे, काकांनी लाल रेघ मारलेली होती. काकांचं हातड्रिल घेऊन, ओठ चावत त्यांनी रेघेवर अंगठ्याएवढं भोक पाडलं. जरा तिरकंच गेलं. दुसऱ्या दिवशी पाइप बसवताना प्लंबरने भोकाकडे बोट केलं, तेव्हा काकूंनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

पुढे दोन दिवस संततधार लागली. दोघं एका छत्रीत बांधावर जाऊन उभे राहिले. पाइप आधी गुरगुरला, मग धो धो ओतू लागला. बऱ्याच वेळाने पाणी लाल रेघेपर्यंत उतरलं, पाइपने हवेचा मोठा घोट घेतला आणि तो थांबला. काकूंचा जीव भांड्यात पडला.

काका वाकले. रेघेपाशी त्यांचं बोट अडखळलं.

"अगं, हे भोक..."

"तुम्हीच पाडलंत की," काकू घाईघाईने म्हणाल्या.

उभ्या जन्मात काकांनी तिरकं भोक पाडलं नव्हतं. तेवढं त्यांना अजून पक्कं आठवत होतं.

"असेल, मीच असेन," ते म्हणाले आणि त्यांनी छत्री काकूंच्या बाजूला सरकवली.

घरी आल्यावर त्यांनी नकाशा पसरला, पेन्सिलीला टोक केलं आणि खुणेपाशी भोक काढलं. पट्टी न लावता, मुद्दाम तिरकं. खाली सही केली आणि पेन्सिल काकूंपुढे धरली.

"इथे तपासणाऱ्याची सही लागते."

काकूंनी सही केली. डोळे भरून आले होते, त्यामुळे तीही तिरकीच आली.