शंभरात चार

लारूसीकाकांनी लॅपटॉपचा पंखा सोडवून टेबलावर ठेवला, दाढीच्या जुन्या ब्रशने त्याची पाती झाडली आणि उडालेल्या धुळीकडे बोट दाखवत म्हणाले, "ही तुमची निम्मी तक्रार, मादाम. उरलेली निम्मी विंडोज."

समोर बसलेल्या झकियाबाई सफाक्स शहरातल्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. त्या हसल्या.

"मग आता भंगारात काढू की काय?"

"सफाक्सच्या माणसाने कधी काही भंगारात काढलंय? आपण जैतुनाच्या बिया जाळून पाणी तापवणारी माणसं! लिनक्स घालून देतो. पाच वर्षं मरत नाही. आणि वर एक खेळ, फुकट. केर्केना बेटावरची बाई मातीची मडकी समुद्रात सोडून ऑक्टोपस धरते, तो. आपल्याच पोरीने केलाय." इतक्यात त्यांचं दाराकडे लक्ष गेलं. "घ्या! शंभर वर्षं आयुष्य आहे हिला."

दारात खुलूद उभी होती. हातात खजुराच्या मकरूद मिठाईचा खोका. आत यावं की तसंच मागे फिरावं, हे तिचं अजून ठरत नव्हतं.

आठ दिवस ती हा रस्ता टाळत होती. बाब जेब्लीच्या वेशीकडून घरी जायला दुसरी वाट लांब पडते, पण ती लांबच्या वाटेने जात होती. आज येताना टॅक्सीत तिने एक वाक्य पाठ केलं होतं: काका, कंपनीपुढे माझं काही चाललं नाही. वाक्य चांगलं होतं. खोटं होतं, एवढंच.

झकियाबाई तिचा हात दोन्ही हातांत धरून "माशाल्ला, माशाल्ला" करत राहिल्या आणि प्रत्येक माशाल्लासरशी खुलूद जास्तच अवघडली. उद्या येते म्हणून बाई गेल्या. दुकानात दोघंच उरली.

"मकरूद?" काकांनी खोका हुंगला. "ईद नाही, लग्न नाही. कुठे कुणाला मारून आलीस का?"

"सहज आणले."

"सहज मकरूद आणणारी सफाक्सी मी पहिल्यांदा बघतोय. बस."

ती बसली. याच स्टुलावर पाच वर्षांपूर्वी बसली होती, कॉलेज संपलेलं आणि जवळ धड मशीन नाही अशी. युरोपातल्या कुठल्याशा ऑफिसातून मोडीत निघालेला एक लॅपटॉप काकांनी तिच्यापुढे ठेवला होता, लिनक्स घातलेला. मडक्यांचा खेळ त्याच्यावर झाला. लिनक्सवाल्यांसाठी तेव्हा फारसं कुणी खेळ करत नव्हतं, आणि केला कुणी तर ती माणसं लग्नघरासारखी धावून यायची. पहिल्या हजार प्रती त्यांनीच घेतल्या. ब्राझीलपासून कोरियापर्यंत कुणी कुणी केर्केनाच्या समुद्रात मडकी सोडू लागलं.

आणि काका तक्रारी लिहू लागले. दररोज सकाळी एक पत्र. त्यात मशीन कुठलं, आधी काय केलं, मग काय केलं, तिसऱ्या खेपेला मडकं वर ओढलं की पडद्यावरचं पाणी काळं कसं होतं, हे सगळं आकडे घालून. शाळेत पस्तीस वर्षं सुतारकाम शिकवलेला माणूस, खिळा वाकडा गेला की त्याला झोप येत नसे. सुरुवातीला खुलूद ती पत्रं आईला वाचून दाखवायची. पुढे पुढे सकाळी त्यांचं नाव दिसलं की तिच्या कपाळावर आठी चढायची.

खेळाच्या दुसऱ्या भागासाठी परदेशातली एक प्रकाशक कंपनी मिळाली. बैठकीत तिथल्या बाईंनी साधा प्रश्न विचारला होता: लिनक्सचं काय करायचं? तुम्ही म्हणाल तसं. आणि खुलूद घडाघडा बोलून गेली: खेळणारे शंभरात चार, तक्रारी शंभरात चाळीस. सोडून देऊ. त्या चाळीसातल्या अडतीस चुका सगळ्याच मशीनवर होत्या, लिहून कळवण्याची तसदी फक्त याच लोकांनी घेतली होती, हे तिला ठाऊक होतं. ते ती बोलली नाही. बाईंनी मान डोलावली आणि पुढचा मुद्दा घेतला. इतकं सोपं होतं ते.

"काका, मला तुम्हाला..."

"थांब, आधी हे बघ." काकांनी आपला लॅपटॉप तिच्याकडे फिरवला.

पडद्यावर तिचा दुसरा भाग चालू होता. आठ दिवसांपूर्वी निघालेला, लिनक्सवर नसलेला. पहाटेचा समुद्र, होडी, होडीत ती बाई. एकदाही न अडखळता.

"हे... कसं?"

"दुभाषा ठेवला मध्ये. तुझा खेळ विंडोजच्या भाषेत बोलतो, हा लिनक्सला समजावून सांगतो. जगातल्या कुठल्या कुठल्या रिकामटेकड्यांनी लिहिलाय, देव त्यांचं भलं करो. एका जागी अडत होता, तर पोलंडचा एकजण आणि मी, चार दिवस खपलो. आता लोण्यासारखा चालतो." ते लहान मुलासारखे खूश होते. "दोन वर्षांपूर्वी आम्ही शंभरात एक होतो पोरी, आता चार आहोत. वाढतोय आम्ही."

तिने पडद्याकडेच बघणं पसंत केलं.

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं."

"पहिल्याच दिवशी. खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाच्या पानावर लिनक्सचं नाव नाही म्हटल्यावर कळणार नाही?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "तू कशी सांगणार म्हणून काळजी करत बसली असशील. मकरूद बघितल्याबरोबर ओळखलं. अगं वेडे, कंपनीपुढे एकट्या मुलीचं काय चालणार?"

तिचं वाक्य. टॅक्सीत पाठ केलेलं, जवळपास शब्दाला शब्द. तिला फक्त मान हलवायची होती.

"तिकडे लिनक्सवाल्यांच्या ऑनलाइन मंडळावर लोक फार चिडलेत," काका सांगत होते. "बाईने आपला उपयोग करून घेतला आणि गरज सरो वैद्य मरो केलं, असं काय काय लिहितात. मला सहन होईना. म्हणून दुभाषा कसा बसवायचा ते सगळं पायरी पायरीने लिहिलंय, आणि खाली चार ओळी तुझ्याबद्दल. पाठवायच्या आधी तू एकदा वाच. तिथे माझ्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात, उगीच चुकीचं काही जायला नको."

खुलूदने वाचलं. पायऱ्या सतरा होत्या, एकही गाळलेली नव्हती. खाली लिहिलं होतं: 'या मुलीला मी ओळखतो. कंपनीने हट्ट धरला, तिचा नाइलाज झाला. ती आपल्याला सोडणारी नव्हे.'

बाहेर कुणीतरी हातगाडी ओढत गेलं. चाकांचा आवाज पार कोपऱ्यापर्यंत ऐकू आला, तोवर ती वाचतच होती.

"बरोबर आहे ना?"

"एक वाक्य चुकलंय, काका."

"कुठलं? दुरुस्त कर की मग." त्यांनी कीबोर्ड तिच्याकडे सरकवला.

तिने शेवटच्या ओळी खोडल्या. 'कंपनीने हट्ट धरला नव्हता. तिने मला विचारलं होतं. सोडून देऊ, असं मी म्हणाले. तुमच्या तक्रारी फार होतात, असं कारण मी दिलं.' मग चाळीसचा आकडा घातला आणि अडतीसचाही. दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं.

काकांनी चष्मा खाली घेतला आणि वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"त्या चाळीसात माझ्या किती?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती.

"जवळजवळ सगळ्या."

काका ब्रशला लागलेली धूळ बोटाने काढत राहिले.

"मला वाटायचं," ते म्हणाले, "तुझ्या कामाला येतायत."

"येत होत्या, काका. प्रत्येक तक्रार." तिने पुढे सांगायला घेतलं. "पण मला..."

त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. रागाने नव्हे. वर्गात कुणी उत्तर द्यायची घाई केली की मास्तर करतात, तसा.

"पायऱ्यांखाली माझं नाव असू दे, त्या माझ्या आहेत," ते म्हणाले. "हे वेगळं पाठव. खाली तुझं नाव टाक."

तिने नाव टाकलं आणि पाठवलं. काकांनी झकियाबाईंच्या लॅपटॉपचा पंखा उचलला, उजेडात धरून पाहिला आणि एकेक पातं पुसायला घेतलं. ते तिला जा म्हणाले नाहीत, बस असंही म्हणाले नाहीत.