वाकलेल्या गुण्याची कबुली

मित्रांनो, मी एक जुना गुण्या आहे आणि हल्ली मला स्वतःचीच शिसारी येते. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचे पोलादी हत्यार. ज्या म्हाताऱ्या कारागिराने मला घडवले, तो मला तेल लावून मऊ फडक्यात गुंडाळून ठेवी. "याचा शब्द शेवटचा," असे सगळ्यांना बजावी. वीस वर्षे मी तोऱ्यात होतो.

मग कंपनी वाढली. नवी शेड उभी राहिली, फाटकावर चकचकीत पाटी लागली: 'कुशल कामगार पाहिजेत'. शेड रंगवताना फोरमनसाहेबांनी रंगाचे डबे उघडायला काय घ्यावे? मला! एक झाकण हटेना, तेव्हा त्यांनी माझ्यावर हातोडी हाणली. मी केसभर वाकलो. त्यांनी मला पॅन्टला पुसले आणि परत खिळ्याला अडकवले. शी!

भरतीच्या दिवशी परीक्षक मीच. लोखंडाचा तुकडा कानशीने घासून काटकोनात आणायचा, एवढीच परीक्षा. पिकल्या केसांच्या एका फिटरकाकांनी तो इतका नेटका केला की बघत राहावे. पण मला टेकवले की फट दिसे.

"आता हात चालत नाही तुमचा, काका," फोरमन म्हणाले.

काकांनी आपले हात उलटसुलट करून पाहिले आणि ते निघून गेले. मला तोंड असते तर मी तिथेच ओकलो असतो.

दुपारी एक ताई आल्या. जुना कारखाना बंद पडल्यापासून त्या वर्षभर घरी बसून होत्या. त्यांच्याही तुकड्याला फट दिसली.

"तुकडा बरोबर आहे साहेब, गुण्या वाकलाय."

"नोकरी हवी आहे ना तुम्हाला?"

"हवी आहे. म्हणूनच सांगतेय."

त्यांनी मला पत्र्याच्या कडेला लावून एक रेघ ओढली, मग मला उलटे करून त्याच जागी दुसरी ओढली. मी खरा असतो तर दोन्ही एकावर एक बसल्या असत्या. पण रेघा वर जाऊन फाकल्या. माझी अब्रू गेली, पण जीव भांड्यात पडला.

फोरमननी घसा खाकरला. "बरं. सोमवारपासून या."

"आणि सकाळी ज्यांना परत पाठवलं ते?"

"त्यांचे पत्ते कोण ठेवतो? आणि गुण्या राहू दे तिथेच. डबे उघडायला होईल."

तर मित्रांनो, हत्यारे जपा. आमचे हाल झाले की भोग दुसऱ्याच्या वाट्याला येतात. आणि ते फिटरकाका कुठे भेटलेच, तर त्यांना एवढे सांगा: काका, तुमचा हात अजून चांगला चालतो. वाकडा मी होतो.