जेवायचा हात

पोरीच्या पोटावर खूण नव्हती.

सर्जनबाईंनी हातमोजे चढवलेले हात छातीशी धरले आणि पुन्हा वाकून पाहिलं. काल तपासताना त्यांनी पोरीला खोकायला लावलं होतं. जांघेत लिंबाएवढा फुगवटा आला आणि त्याच बाजूला त्यांनी निळ्या पेनाने फुली मारली. भूल दिली की आतडं आत सरकतं, हर्निया दिसेनासा होतो. म्हणून तर फुली. आता दोन्ही बाजू सारख्याच, स्वच्छ.

"खूण कुणी पुसली?"

"आईनं. दुसरं कोण?" सिस्टर म्हणाल्या. "सकाळी नळावर घासूनघासून आंघोळ घातली. म्हणाली, डॉक्टरांपुढे मळकी पोर कशी न्यायची?"

शाळेच्या वर्गात थाटलेल्या या शिबिराचा आज शेवटचा दिवस. पुढचं शिबिर वर्षाने. मोठं हॉस्पिटल सात तासांवर. मधल्या काळात आतडं अडकलं, तर पोर तिथवर पोचायची नाही. आणि आज भलतीच बाजू कापली, तर विनाकारण जखम होईल आणि हर्निया जागच्या जागी राहील.

"केसपेपर बघा की," भूलतज्ज्ञ म्हणाले. ते निवृत्त होते, अशी तीसेक शिबिरं केलेले. बाईंचं हे पहिलं.

केसपेपरवर कारकुनाच्या टपोऱ्या अक्षरात 'उजवी' असं होतं. पण ते त्याने तपासणीच्या आधी, आईला विचारून लिहिलेलं. बाईंनी काल साठ पेशंट पाहिले होते. फुली मारलीय, या भरवशावर त्यांनी कागदाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्या आठवू लागल्या. फुगवटा आठवला, पोरीचा खोकला आठवला. बाजू काही आठवेना.

फुगवटा पुन्हा वर यावा म्हणून भूलतज्ज्ञांनी श्वासाचा फुगा दाबून छातीत जास्त हवा भरली. सिस्टरनी पोट दाबलं. काही वर आलं नाही.

"उठवू या का? रडली की दिसेल," बाई म्हणाल्या.

"उठवा. पण आज दुसऱ्यांदा भूल मी देणार नाही. चौदा किलोचा जीव आहे तो."

बाई दारापर्यंत गेल्या. आई पायरीवर बसली होती, ती ताडकन उठली.

"झालं?"

"नाही अजून. गाठ कुठल्या बाजूला येते हो तिची?"

"जेवायच्या हाताच्या बाजूला. त्या दादांनी लिहून घेतलंय की."

"नक्की?"

"अहो बाई, आई आहे मी तिची."

बाई परतल्या. "उजवीच."

"चला, सुंठीवाचून खोकला गेला," भूलतज्ज्ञ म्हणाले.

नवे हातमोजे, पुन्हा औषधाचा बोळा, चादरी. बाईंनी सुरी घेतली. तरी हात खाली जाईना. नजर पोरीच्या उजव्या हाताकडे गेली. तो फळीला पट्टीने बांधलेला होता, सलाइन त्याच हातात चालू होतं.

"सिस्टर, सलाइन उजव्या हाताला का?"

"मी पोरांना आधी विचारते, जेवतोस कुठल्या हातानं? तो मोकळा ठेवते. नाहीतर शुद्धीवर आल्यावर भरवत कोण बसणार? हिनं हा पुढे केला. म्हणाली, ह्यानं मी जेवत नाही."

बाईंनी सुरी ट्रेमध्ये ठेवली.

सिस्टर खिडकीशी गेल्या. "काय गं, तुझी पोर डावखुरी आहे का?"

"हो ना," बाहेरून आवाज आला. "किती ओरडले, ऐकतच नाही. का हो? काय झालं?"

"काही नाही. बस तू."

चादरी काढून पुन्हा मांडल्या. बाईंनी डावीकडे छेद घेतला. एक थर, दुसरा थर. चार मिनिटं झाली तरी हर्नियाची पिशवी सापडेना. बाईंच्या मानेवरून घाम उतरला, तो सिस्टरनी न सांगता टिपला. मग चिमट्याच्या टोकाशी काहीतरी पांढुरकं, पातळ सरकलं. पिशवी होती. तिच्या तोंडाशी आतड्याचं टोक.

"सुंठीचं मी मागे घेतो," भूलतज्ज्ञ म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवी बांधली आणि टाके घालायला घेतले. तीन उरले होते तेव्हा बाहेरून बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ कुणाचं तरी पोर साबण डोळ्यात गेल्यासारखं किंचाळलं.

"बाहेर किती राहिलेत?"

"पाच. सगळी हर्नियाचीच."

"सिस्टर, माझं इथलं मी बघते," बाई म्हणाल्या. "तुम्ही आधी पळा आणि तो नळ बंद करा."