किमान दोन

गेंड्यानं मावशीला "तुम्हाला काही कळत नाही" असं ठणकावलं आणि थोरलीनं फोन उशीखाली सरकवून पलीकडच्या खाटेकडे पाहिलं. धाकटा पोटावर टॅब्लेट उभा धरून वाचत होता. आधी त्याच्या भुवया वर गेल्या, मग नाकातल्या नळीखाली ओठ हळूहळू फाकले.

"ताई, भांडण पेटलंय बघ. डायनासोरांच्या पाठीवरच्या पाट्या कशासाठी असायच्या, यावरून. गेंडा म्हणतो उन्हात अंग तापवायला. मावशी म्हणते निव्वळ मिरवायला."

"तुला काय वाटतं?"

"मावशीचं बरोबर असावं. पण गेंड्याला एकटं पाडायला नको. चिडका आहे तो. गट सोडून जाईल."

"जाऊ दे की."

"वा! आधीच मूठभर उरलोत," धाकटा म्हणाला आणि गेंड्याची समजूत काढायला बसला. एकेक अक्षर दाबताना त्याचं बोट जरा वेळ थांबायचं. खाटेखालचं ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं.

फोनवरच्या गटातला गेंडा थोरलीच होती. मावशीही तीच.

गटाचं नाव 'शेपूट वर'. जुन्या पुस्तकांतली चित्रं काढणाऱ्यांनी डायनासोरांच्या शेपट्या जमिनीवरून फरफटत नेल्या होत्या. ते चूक आहे, शेपूट हवेत असायचं, हे धाकट्याला कळलं तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि त्याला त्या अन्यायाचा इतका राग आला की त्यानं त्याच संध्याकाळी गट सुरू केला. कुठून कुठून पोरं जमली. कोणी लोळत्या शेपटीचं चित्र टाकलं की सगळे त्याच्यावर तुटून पडत आणि त्याला ते पुन्हा काढायला लावत. दर रविवारी एका हाडाचा फोटो यायचा, ओळखा म्हणून. नव्या माणसाला नाव मिळायचं नाही. पहिलं हाड बरोबर ओळखेपर्यंत तो नुसता 'अंडं'. ओळखलं की अंडं फुटलं, मग हवं ते नाव घ्या.

पुढे पोरांना मिशा फुटल्या, कोणाच्या परीक्षा आल्या, कोणाला गिटार सापडलं. निरोप कोणीच घेतला नाही. एका रविवारी धाकट्यानं हाड टाकलं आणि दिवसभर कोणी बोललं नाही. रिकामा डबा पुन्हा पुन्हा उघडून बघावा तसा तो टॅब्लेट उघडत होता. त्याची शाळा तेव्हा कायमची सुटलीच होती. फुप्फुसांनी साथ सोडायला सुरुवात केली होती आणि डॉक्टरांनी आईबाबांना बाहेर बोलावून जे सांगितलं, ते घरात कोणी मोठ्यानं उच्चारत नव्हतं. त्या संध्याकाळी थोरलीनं गेंडा जन्माला घातला. तो एकटा पडला म्हणून मग मावशी.

गटात अजून दोघं होते. एक तीनशिंगी, फार शहाणा, लॅटिन नावांखेरीज बोलायचा नाही. आणि एक अंडं. ते अंडं कैक महिने अंडंच होतं, कारण प्रत्येक हाड ते चुकीचं ओळखायचं. बरगडीला पाय म्हणायचं, शेपटीच्या मणक्याला दात. थोरली कॉलेजात असताना, भर दुपारी, ते काहीतरी विचारून ठेवायचं. एकदा विचारलं, 'एवढी लांब मान पुढे काढली तर हे जनावर तोंडावर आपटायला हवं. मागे काउंटरवेट काय?' त्यावर धाकट्यानं लिहिलं होतं, 'शेपूट. म्हणून तर ते वर असतं.' अंडं म्हणालं, 'पटलं.'

थोरलीला मनातून हसू आलं होतं. काउंटरवेट, म्हणजे लिफ्टचा तोल सांभाळणारं दुसऱ्या टोकाचं वजन, हा बाबांचा शब्द. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. धाकटा दिवसभर एकटा पडून असतो, त्यानंही आपल्यासारखेच दोन सोबती करून घेतलेत आणि एकाच्या तोंडी बाबांचं बोलणं घातलंय, हे तिनं मनाशी पक्कं केलं. ती त्याला काही बोलली नाही. खेळ त्याचाही होता.

दार वाजलं. बाबा हत्यारांची पिशवी कोपऱ्यात ठेवून, हात धुऊन आले. तरी ग्रीसचा वास राहायचाच.

"काय रे, आज कुठली पाल?"

"बाबा, पाली नव्हेत. शंभरदा सांगितलं."

"बरं, सरडे. सरड्यांनी औषध घेतलं का?"

"सरडेपण नव्हेत!"

"मेलेल्या जनावरांत डोकं घालून बसतोस, जरा जिवंत माणसांकडे बघ." बाबांनी त्याची उशी उचलून झटकली, पुन्हा मानेखाली नीट बसवली. खिशातला फोन 'टुक' करून वाजला. बेडकानं पाण्यात उडी मारावी तसा तो आवाज.

"बाबा, तो आवाज बदला ना," थोरली म्हणाली. "लाज वाटते."

"आणि लिफ्टमध्ये कोणी अडकलं तर? मला ऐकू यायला नको?" बाबांनी फोन लांब धरून डोळे बारीक केले. "कंपनी. उद्या लवकर बोलावलंय." आणि ते स्वयंपाकघरात आईजवळ गेले. तिथून बराच वेळ भांड्याचाही आवाज आला नाही.

थोरलीची परीक्षा संपली त्या दुपारी धाकट्यानं तिला खाटेवर बसायची खूण केली. त्याला आता सलग बोलता येत नव्हतं. वाक्याच्या मध्येच तो थांबायचा, मशीनकडून श्वास घ्यायचा आणि राहिलेलं पुरं करायचा.

"एक कोडं. दरडीत हाडांचा ढीग सापडला. सगळी मिसळलेली. जनावरं किती होती... कसं सांगशील?"

"कवट्या मोजीन."

"कवट्या टिकत नाहीत. फुटतात."

"मग तूच सांग."

"एकच हाड धरायचं. समज, डाव्या मांडीचं. एका जनावराला... डावी मांडी एकच. तीन सापडली, तर किमान तीन जनावरं."

"कळलं, मास्तर."

"मी आपला गट मोजला."

थोरलीनं पायातला मोजा वर ओढला. मग दुसरा.

"तू पेपरला बसलीस की गेंडा गप्प. मावशी गप्प. आणि दोघं एका वेळी... कधी बोललेच नाहीत. एकाचं झालं की मगच दुसरी. दोन डाव्या मांड्या मिळेनात."

"केव्हापासून कळलंय?"

"मावशी आली तेव्हापासून. ती निव्वळ म्हणते. तूपण सारखं निव्वळ म्हणतेस."

"चिडलास?"

"छे." तो थांबला. या वेळी जरा जास्तच. "मावशी मस्त आहे. तिला मारू नको हं."

"म्हणजे किमान दोन. तू आणि मी."

"किमान दोन."

"आणि तीनशिंगी? ते अंडं? ते तुझेच उद्योग ना, लबाडा?"

धाकट्यानं डोळे मिटले. गालाला बारीकशी खळी पडली.

"हाडं फक्त किमान सांगतात, ताई. त्याच्या वर किती... ते नाही सांगत."

थोरलीनं ते हो असंच धरलं आणि त्याच्या पायांवरची चादर सारखी केली.

तो गेला तेव्हा सकाळ होती. आई त्याचं तोंड पुसायला कोमट पाणी घेऊन आली होती. पुढचे दिवस माणसांचे गेले; माणसं आली, बसली, घड्याळाकडे बघून उठली. मशीन भाड्याचं होतं, ते नेलं. त्याच्या जागी फरशीवर एक फिकट चौकोन राहिला. घरघर थांबली आणि घरात किती शांतता असते ते सगळ्यांना एकदम कळलं. आई भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. बाबा कामावर जाऊ लागले. घरी आले की हात धुवायचे आणि खोलीच्या उंबऱ्याशी येऊन तोंड उघडायचे, मग परत फिरायचे. विचारायला पाल उरली नव्हती.

थोरलीनं गेंड्याच्या खात्यावरून गटावर कळवलं. 'हा गट ज्यानं सुरू केला, तो माझा धाकटा भाऊ होता. तो आता नाही.' इतकंच. मग ती वाट पाहत बसली. कशाची, ते तिलाही सांगता आलं नसतं. तीनशिंगी बोलला नाही. बोलणार नव्हताच. अंडंही बोललं नाही. एखाद्या जुन्या पोराला, आता मिशा फुटलेल्या, चुकून इकडे डोकवावंसं वाटेल, असंही तिला वाटून गेलं. कोणी आलं नाही. तिनं त्याच्या पद्धतीनं मोजलं. डाव्या मांडीचं हाड एकच निघालं, तिचं स्वतःचं.

मग गट चालवणाऱ्या कंपनीची सूचना आली. पडून राहिलेले गट महिनाअखेरीला काढून टाकणार होते. गट ठेवायचा असेल तर त्यात त्याआधी किमान दोन सदस्यांनी काहीतरी लिहायला हवं होतं. नाहीतर सगळं पुसलं जाणार: रविवारची हाडं, चित्रं, लोळत्या शेपट्यांवरची भांडणं, 'शेपूट. म्हणून तर ते वर असतं.'

हे तर तिच्या हातचं काम होतं. गेंडा होता, मावशी होती. तिनं गेंड्याचं खातं उघडलं, 'मला वाटतं' एवढं लिहिलं आणि थांबली. गेंड्याला काहीच वाटत नव्हतं. पलीकडे भुवया वर करणारं कोणी नसताना तो एक नाव होता फक्त. तिनं ते दोन शब्द पुसले. पुढच्या दिवशी पुन्हा लिहिले, पुन्हा पुसले. धाकट्याचं लिहिणं तरी उतरवून ठेवावं म्हणून तिनं मागचं मागचं वाचायला घेतलं, पण दोन पानांपुढे जाता आलं नाही. शेवटी तिनं ठरवलं, जाऊ दे. जनावरं गेली, दगडही जातात.

महिना संपत आला होता. रविवार होता, उन्हं कलली होती. आई आत पडली होती, बाबा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर होते. थोरली धाकट्याच्या खाटेवर, गादी काढून घेतलेल्या नुसत्या फळीवर बसली होती. गट पुसला जाण्याआधी एकदा बघून घ्यावं म्हणून तिनं तो उघडला. तिच्या निरोपाखाली एक नवा मजकूर होता. नुकताच आलेला.

अंडं.

'एक विचारायचं होतं. मागे विचारलं होतं की मान एवढी लांब असून जनावर पडत का नाही. तेव्हा उत्तर मिळालं की शेपूट हेच काउंटरवेट. ते पटलं होतं. आता प्रश्न असा की शेपूटच तुटलं तर काय होतं. यंत्राचं मला माहीत आहे. जनावराचं माहीत नाही. उभं राहतं का.'

थोरलीनं ते दोनदा वाचलं. बाहेरच्या खोलीत कोणी हलत नव्हतं. भिंतीवर धाकट्यानं चिकटवलेल्या चित्राचा कोपरा पंख्याच्या वाऱ्यानं उठत होता, बसत होता. बरगडीला पाय म्हणणारं, मणक्याला दात म्हणणारं ते अंडं तिला आठवत राहिलं. कुठल्या तरी इमारतीच्या तळाशी, लिफ्टच्या खड्ड्यात जेवणाचा डबा मांडीवर ठेवून, एका जाड बोटानं लिहिलेलं. आणि खळी पडलेला गाल.

तिनं लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं.

'लगेच पडत नाही. शेपटीला मोठी इजा झालेली जनावरं सापडली आहेत. काहींची हाडं नंतर वेडीवाकडी का होईना, जुळून आलेली असतात. म्हणजे ती त्यानंतरही जगली. कशी चालत होती, ते हाडांवरून नीट सांगता येत नाही.'

तिनं पाठवलं.

बाहेरच्या खोलीत 'टुक' वाजलं.

खुर्ची करकरली नाही. "कंपनी" असं कोणी पुटपुटलं नाही. उठून चार पावलं टाकली असती तर उंबरा होता. ती उठली नाही. पडद्यावर 'अंडं लिहीत आहे' असं आलं, गेलं, पुन्हा आलं. बराच वेळ ते तसंच येत-जात राहिलं.

'बरं,' अंड्यानं लिहिलं. आणि त्याखाली, 'मावशी कुठे आहेत? बऱ्याच दिवसांत बोलल्या नाहीत. त्यांना बरं आहे ना?'

थोरलीनं फळीवरचे पाय वर घेतले, फोन दोन्ही हातांत धरला आणि मावशीचं खातं उघडलं.