वरच्या अंगाचं पाणी

माझी नदी कुठली, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. परवा विचारलं, तेही नदीच्या काठावर, सगळ्यांसमोर.

ऑकलंडहून आम्ही विद्यापीठाची पोरं पाण्याचे नमुने घ्यायला एका माओरी वस्तीवर गेलो होतो. तिथली रीत अशी, की आधी आपला डोंगर, आपली नदी, आपली माणसं सांगायची, मगच पाण्यात उतरायचं. माझ्या वर्गातली पुण्याची स्वानंदी पहिली उठली. "डोंगर पर्वती, नदी मुठा," म्हणून टाळ्या घेऊन बसलीसुद्धा. स्वानंदीबाईंचं सगळं आधीपासून तयार असतं.

मी इकडेच, लोअर हट शहरात वाढले, म्हणून तिथलाच डोंगर आणि तिथलीच नदी ठोकून दिली. वस्तीच्या आंटी हेनींनी मला मध्येच थांबवलं.

"त्या नदीला तिची माणसं आहेत, बाळा. तुझी माणसं कुठल्या नदीची? चहानंतर सांग."

त्यांचं बरोबर होतं, म्हणून तर जास्तच राग आला. त्यात स्वानंदी कानाशी आली. "अगं, तुमचं मूळ गाव कुठलं? आडनावावरून काही कळत नाही." हा प्रश्न मी चांगला ओळखते. "मुंबई," म्हटलं आणि पायात जँडल्स, म्हणजे इकडच्या स्लीपर, अडकवून तडक व्हॅनमागे गेले. बाबांना फोन लावला आणि आपलं गाव, आपली नदी काय सांगू, विचारलं.

"मुंबई सांग," बाबाही तेच म्हणाले.

"मुंबईतली कुठली नदी, बाबा?"

"मग सांग काहीतरी. तिथं कोण तपासायला येतंय?"

"मला खरी हवीय."

मी व्हॅनभोवती येरझाऱ्या घालत होते. काठावरून हाका यायला लागल्या होत्या.

"सिंदफणा," बाबा शेवटी म्हणाले. "पण आपली कशी म्हणू? वरच्या अंगाला गावाचा पाणवठा. त्याच्या खाली गुरं. गुरांच्याही खाली आपण. आईनं तेच पाणी गाळून पाजलं आम्हाला. वर कुणी गेलं तर मार बसायचा. आरुषी, नको सांगूस. ती स्वानंदी आहे ना तिथं."

त्या एका वाक्यानं माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं, इतके समुद्र ओलांडून बाबा अजून स्वानंदीला घाबरत होते!

मी काठावर जाऊन सगळ्यांसमोर उभी राहिले. "माझी नदी सिंदफणा," मी म्हटलं. "माझी माणसं गुरांच्या खालचं पाणी प्यायली. जातीमुळे त्यांना वर जाऊ दिलं नाही. माझे वडील भानुदास. मी आरुषी."

स्वानंदी बाटलीचं झाकण उगाच उघडत-लावत राहिली.

"आणि डोंगर?" आंटी हेनींनी विचारलं.

"विचारायचा राहिला."

त्या खळखळून हसल्या आणि माझा हात धरून निघाल्या. एरवी आम्ही खालून वर नमुने घेत जातो, ढवळलेला गाळ नमुन्यात येऊ नये म्हणून. बाकीचे खालीच थांबले. आंटींनी मला दगडांवरून चढवत थेट झऱ्यापाशी नेलं.

"इथलं तू भर. याच्या वर कुणी नाही."

परतताना बाबांचाच फोन आला. "कुणी काही बोललं का?"

"नाही. सगळ्यात वरचं पाणी मी भरलं, बाबा."

"हात घातलास पाण्यात?"

"कोपरापर्यंत."

"थंड होतं का गं?" बाबांनी विचारलं.