क्लच पुरा दबत न्हाई

अमृतची जीप तिसऱ्यांदा परत आली तेव्हा चिमाजी चिडला. अमृतवर नाही, स्वतःवरच.

किकवीला हायवेच्या कडेला चिमाजीचं गॅरेज आहे. गिअरबॉक्सच्या कामात सारोळ्यापासून नसरापूरपर्यंत त्याचा हात धरणारा कुणी नाही असं लोक म्हणायचे, आणि तोही ते मनातल्या मनात मानायचा. त्यानं एकदा उघडून बंद केलेला गिअरबॉक्स चार-पाच वर्षं पुन्हा उघडावा लागत नसे. अमृतचा त्यानं दिवाळीनंतर उघडला होता, डिसेंबरात पुन्हा उघडला होता, आणि आता संक्रांतही आली नव्हती.

"दुसरा पडत न्हाई," अमृत गाडीतून उतरता उतरता म्हणाला. "पडला तर करकरतो, आन चढाला आपसूक सुटतो. चिमाजी, तुजा हात बिघडला का काय?"

तो हसत म्हणाला होता, तरी चिमाजीला ते लागलं.

अमृत वेल्हे तालुक्यातल्या पासलीचा. बारा वर्षं त्याची जीप पासली ते वेल्हे धावत होती. सकाळी दुधाचे कॅन आणि कॉलेजची मुलं, दुपारी बाजारकरी, मधल्या वेळात कुणाचा दवाखाना, कुणाचं तहसीलचं काम. एसटी आली नाही की लोक अमृतला फोन करत. वाटेत दोन-तीन गॅरेजं असूनही तो एवढ्या लांब किकवीला यायचा, कारण तरुणपणी दोघं एकाच विटांच्या टेम्पोवर होते. एक चालवायचा तेव्हा दुसरा झोपायचा. त्या टेम्पोच्या केबिनमध्ये जी ओळख झाली ती पुढं भावकीतल्या माणसांशीही झाली नाही, असं दोघंही म्हणत.

चिमाजीनं गिअरबॉक्स उतरवला. महिन्यापूर्वी घातलेल्या पितळी रिंगा पार झिजल्या होत्या. दुसऱ्या गिअरच्या दातांची टोकं उडाली होती. माल खोटा म्हणावा तर दोन्ही वेळा वेगवेगळ्या दुकानांतून आणलेला. क्लचप्लेट तपासली, ती ठीक होती. क्लचचं तेल, सिलिंडर, सगळं ठीक होतं. क्लच नीट न दाबता गिअर ओढले की असे दात जातात. नवशिके तसं करतात. पण अमृतनं तर एका हातात भाकरी धरून वरंध्याचा घाट उतरवलेला होता.

"उद्या म्या तुज्यासंगं येतो," चिमाजी म्हणाला. "गाडी तू चालव. म्या नुसता बसतो."

दुसऱ्या दिवशी नवे गिअर घातलेली जीप घेऊन दोघं निघाले. चेलाडी फाट्यावरून आत वळले, वेल्ह्यात चहा घेतला. सपाटीला गाडी गुमान चालली. चिमाजी कान देऊन ऐकत होता. वेल्हे मागं पडलं, पासलीच्या खिंडीचा चढ लागला, अमृतनं तिसऱ्यातून दुसरा टाकला आणि गाडी करकरली. तेव्हा चिमाजीनं पहिल्यांदा खाली बघितलं.

अमृतचा डावा पाय क्लचवर होता. क्लच अर्ध्यावर जाऊन थांबला होता. अमृतला मात्र तो पुरा दाबल्यासारखा वाटत असावा, कारण त्याच वेळी त्याचा हात गिअर ओढत होता. मग त्यानं पाय काढला. पाऊल खालीच लोंबत राहिलं आणि त्यानं अख्खा पाय मांडीतून उचलून बाजूला ठेवला. भाताच्या चिखलातून पाय काढावा तसा.

"अमृत, गाडी कडेला घे."

"का रं? सापडलं?"

"घे तर खरं."

करवंदीच्या जाळीपाशी गाडी थांबली. चिमाजीनं त्याला उतरायला लावलं. "दोन्ही टाचांवर हुबा ऱ्हा बघू. चवडं उचल."

"ह्ये काय नवीनच?"

"उचल रं."

अमृतनं गाडीला धरलं. उजवा चवडा उचलला गेला. डावा जागचा हलला नाही. तो त्या पावलाकडं बघत राहिला, जणू ते दुसऱ्याच कुणाचं आहे.

"चप्पल सुटती पायातनं," तो म्हणाला. "दिवाळीपासनं. म्या म्हनलं चप्पलच ढिली झाली. नवी घेतली. ती बी सुटती."

"घरी सांगितलंस?"

"चपलंचं काय सांगायचं?"

चिमाजीनं त्या आठवड्यात गॅरेज बंद ठेवलं आणि अमृतला पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. चार फेऱ्या झाल्या. सुया टोचून नसा तपासल्या, पाठीचे फोटो काढले. घरी अमृत सांगायचा, गाडीचा पार्ट आणायला चाललोय. शेवटच्या फेरीला डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं. बाई तरुण होत्या आणि घाई न करता बोलत होत्या. हा नसांचा आजार आहे, म्हणाल्या. पायापासून सुरू झालाय, पुढं हातात येईल, मग बोलण्यात, गिळण्यात, शेवटी श्वासात. थोडा सावकाश व्हावा म्हणून गोळ्या देता येतात. बरा होत नाही.

"किती?" अमृतनं विचारलं.

"दोन वर्षं, तीन वर्षं. काहींना जास्तही मिळतात."

चिमाजीला वाटलं होतं तो तिथंच कोसळेल. अमृतनं फाइल नीट पिशवीत घातली, बाईंना नमस्कार केला. येताना कात्रजचा बोगदा ओलांडल्यावर मात्र त्यानं चिमाजीच्या मांडीवर हात ठेवला.

"मंगलला आत्ता सांगायचं न्हाई. शेफालीची बारावी हाय. पोरगी रोज पहाटं उठून बसती. घरात रडारड झाली तर तिचं वरीस जाईल. परीक्षा झाली की म्या सोता सांगतो."

"आन गाडी?"

"गाडी थांबली तर मंगल पहिल्याच दिवशी इचारंल."

"अमृत, ह्या पायानं पाशिंजर घालायचं न्हाई तू."

"दोन म्हैनं. चिमाजी, तुज्या पाया पडतो. दोन म्हैनं मला हाय तसा ऱ्हाऊ दे."

आयुष्यात अमृतनं त्याच्याकडं काही मागितलेलं नव्हतं. चिमाजीनं गाडी गॅरेजला घेतली. क्लच हलका केला, अर्ध्या दाबातच सुटेल असा बसवला. पेडलवर एक जाड पट्टी वेल्डिंग करून लावली, पाऊल घसरू नये म्हणून. काम इतकं सुबक झालं की अमृतनं पेडलवर पाय ठेवून क्लच दोनदा दाबून बघितला आणि लहान मुलासारखा हसला.

"खिंडीत भरलेली गाडी न्यायची न्हाई," चिमाजी म्हणाला. "रिकामी ने, न्हाईतर नेऊच नको. शपथ घे."

"शेफालीची शपथ," अमृत म्हणाला.

फेब्रुवारीच्या बाजारच्या एका दिवशी एसटी आली नाही. वेल्ह्यात पासलीची दहा-बारा माणसं पिशव्या घेऊन उभी होती. अमृत निघाला तेव्हा ती न विचारताच चढून बसली, रोज बसत तशी. त्यांना उतरा म्हणायला कारण द्यावं लागलं असतं. त्यानं दिलं नाही.

खिंडीत दुसरा पडलाच नाही. गाडी थांबली आणि मागं सरकू लागली. ब्रेक त्यानं दाबला, पण डावं पाऊल घसरून ब्रेकच्या पेडलखाली अडकलं होतं; ब्रेक पुरा लागेना आणि पाऊल त्याला हलवता येईना. गाडी दरडीला मागून धडकून थांबली. दरीच्या बाजूला गेली असती तर कुणीच राहिलं नसतं. बाकीच्यांना खरचटण्यावर निभावलं. मागच्या दाराशी बसलेल्या म्हाताऱ्या फुलाबाईचं मनगट मात्र दोन ठिकाणी मोडलं.

तिसऱ्या दिवशी फुलाबाईचा मुलगा कोंडिबा आणखी तिघांना घेऊन किकवीला आला. बरोबर मंगलही होती. अमृतही होता, पण जीपचं दार धरून मागंच उभा होता.

"तीनदा गिअरबॉक्स उघडला तुमी," कोंडिबा ओरडत होता. "तीनदा! आन दुसरा गिअर पडंना? माज्या आईचा हात मोडला. दरीत गेलो असतो तर? बारा माणसं व्हती गाडीत!"

मंगल ओरडली नाही. ती पुढं आली आणि चिमाजीच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "भावजी, बारा वर्सांत ह्यांच्या गाडीत कुनाला खरचाटलं न्हवतं. आज लोक आमच्या दारावरनं तोंड फिरवून जात्यात. तुमच्यावर ह्यांचा केवढा इश्वास. आन तुमी असं काम दिलं?"

चिमाजीनं तिच्या खांद्यावरून अमृतकडं बघितलं. अमृत खाली बघत होता.

एका वाक्यात सगळं संपलं असतं. ते वाक्य चिमाजीच्या तोंडापर्यंत आलंही होतं. पण त्याला पेडलवरची ती पट्टी आठवली. अमृतनं गाडी चालवणं धोक्याचं आहे हे त्याला कळत होतं, आणि तरी त्यानंच ती चालवता येईल अशी करून दिली होती.

"व्हय," तो म्हणाला. "माजंच चुकलं, वयनी. म्याच चुकलो."

कोंडिबानं त्याची कॉलर धरली, मग सोडली. चूक कबूल करणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं, हे कुणालाच कळेना. ते लोक निघून गेले. अमृतनं जाताना जीपची किल्ली त्याच्या हातात दिली. जीप त्यानं गॅरेजातच ठेवली. काम परत करायचंय, असं घरी सांगायला आता निमित्त झालं होतं.

त्यानंतर वेल्ह्याच्या बाजूच्या गाड्या चिमाजीकडं यायच्या थांबल्या. येणारा-जाणारा कुणी विचारायचा, काय रं, पासलीच्या जीपचं काय झालं? तो म्हणायचा, माजी चूक.

मार्चच्या मध्याला शेफालीचा शेवटचा पेपर झाला. तिसऱ्या दिवशी दुपारी मंगल एसटीनं एकटीच किकवीला उतरली. चिमाजी गाडीखालच्या खड्ड्यात उतरून काम करत होता. वरून तिच्या पायातल्या चपला दिसल्या आणि तो हात पुसत वर आला.

"सांगितलं त्यांनी," ती म्हणाली.

त्यानं स्टूल पुढं केलं. ती बसली नाही.

"त्या दिवशी म्या तुमाला चार मानसांत बोलले. ते माजं चुकलं."

"न्हाई वयनी. फुलामावशीचा हात माज्यामुळंच मोडला."

"ते असंल," ती म्हणाली. "पर म्या त्याच्यासाटी न्हाई आले." मग तिचा आवाज चढला. "संक्रांतीला त्यांच्या हातनं दुधाचं पातेलं पडलं. म्या लई बोलले. म्हनलं, ध्यान कुठं असतं तुमचं, हात मोडलं का? असं म्हनलं म्या! तुमाला म्हाईत व्हतं. त्यांना म्हाईत व्हतं. त्यांनी गुमान दूध पुसून काडलं. रोज शेजारी झोपणारी बाई मी, आन मला दोन-अडीच म्हैनं काय बी म्हाईत न्हाई. एवडंच दीस उरल्यात भावजी, आन त्यातलं बी तुमी दोघांनी माज्यापासनं चोरलं."

हायवेवरून ट्रक जात होते. ती पदरानं तोंड पुसून थांब्यावर जाऊन उभी राहिली. तो तिच्यामागं गेला नाही.

जीप एप्रिलमध्ये वेल्ह्याच्या एकानं घेतली. शेफालीला चांगले मार्क पडले आणि ती भोरला नर्सिंगला गेली. चिमाजी दर रविवारी मोटारसायकलवरून पासलीला जायचा. मंगल चहा द्यायची, पण त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. पहिला पावसाळा अमृतनं काठी घेऊन काढला, दुसरा खाटेवर. हात गेले, मग बोलणं अडखळलं, मग त्याचे शब्दच कुणाला कळेनासे झाले. चिमाजी त्याची दाढी करायचा. फुलाबाई वाकडं राहिलेलं मनगट घेऊन यायची आणि खाटेच्या पायथ्याशी बसून राहायची. मंगलनं गावात सगळं सांगितलं होतं. म्हातारीनं अमृतला एक शब्द ऐकवला नाही. कोंडिबा मात्र त्या घरात पुन्हा आला नाही.

दुसऱ्या कार्तिकात, दिवसाउजेडी, मंगल त्याला पेज भरवत असताना अमृत गेला.

दहाव्याला माणसं जेवून पांगली. चिमाजी निघायला उठला तेव्हा मंगल दारात आली.

"भावजी, बसा वाईच."

तो ओट्यावर बसला. ती समोर चौकटीला टेकून बसली. पावणेदोन वर्षांत ती त्याच्यासमोर अशी बसली नव्हती.

"त्या अडीच म्हैन्यातलं सांगा," ती म्हणाली. "पुण्याला गेल्ते तवाचं. तुमच्या गॅरेजला यायचं तवाचं. काय बोलायचं, काय खायाचं. माज्याकडं ते काइच न्हाई."

चिमाजीनं सांगायला सुरुवात केली. पहिल्या फेरीला अमृतनं दवाखान्याच्या लिफ्टमध्ये पाय ठेवायला नको म्हटलं आणि चार जिने चढला, ते सांगितलं. सुया टोचताना त्यानं डॉक्टरीणबाईंना विचारलं, बाई, तुमी कुठल्या गावच्या. परतीला खेड शिवापूरला त्यानं दोन वडापाव खाल्ले आणि तिसरा मंगलसाठी कागदात बांधून घेतला.

"आनला व्हता," मंगल म्हणाली. "गार झाल्ता. म्या म्हनलं गाडीच्या पार्टाबरुबर वडापाव बी मिळतो का." ती हसली आणि लगेच तिनं डोळ्यांना पदर लावला. "पुढं?"

कात्रजच्या बोगद्यापुढं त्यानं काय मागितलं, ते चिमाजीनं शब्द न बदलता सांगितलं. हाय तसा ऱ्हाऊ दे म्हणाला, हे सांगताना त्याला दोनदा थांबावं लागलं. गॅरेजात बसून अमृत शेफालीच्या परीक्षेचं वेळापत्रक कसं तोंडपाठ म्हणायचा, ते सांगितलं. मग आणखी एक-दोन लहान गोष्टी. मग त्याच्याजवळचं संपलं. डोकं धरून तो आणखी काही आठवतंय का बघत बसला, आणि अडीच महिन्यांतलं एवढंच कसं राहिलं याचं त्याला आश्चर्य वाटलं.

"एवडंच, वयनी," तो म्हणाला.

खाली खाचरात कापलेल्या भाताचे भारे पडून होते. दुपारची एसटी वळण घेऊन वर येताना ऐकू आली, थांबली, निघून गेली. मंगल उठली नाही. चिमाजीही बसून राहिला.